जुन्या केबिन क्रूझरमध्ये पाणी कुठे मुरतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: साधारण ३५ वर्षं जुनी, २६ फुटी, फायबरग्लासची केबिन क्रूझर स्वस्तात मिळते आहे. आत पेट्रोलचं इंजिन, मागे स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर बसवलेला, प्रोपेलर फिरवणारा भाग. नाळेकडच्या डेकवर एका जागी पाय दबतो, केबिनमध्ये कुबट वास आहे, वरची चमक पार गेली आहे. विकणारा म्हणतो, इंजिन चालू होतं. बोट घ्यावी का, आणि घेतली तर आधी रंगाला हात घालावा की डेकला?

रंग सगळ्यात शेवटी. डेकसुद्धा मधे कुठेतरी येतं. पैसे देण्याआधी ट्रान्सम (मागची उभी भिंत) आणि स्ट्रिंगर (तळाला ताठ ठेवणारे लांब दांडे), पेट्रोलची टाकी आणि इंजिन एवढं बघा. दबणारं डेक हे काम मोठं दिसतं, पण चिकाटी असलेला हौशी माणूस ते नीट करू शकतो. वरच्या तिन्हींपैकी एक गोष्ट गेलेली असेल तर हिशोब करून ठरवा. दोन गेल्या असतील तर फुकट मिळाली तरी नको म्हणा, कारण तेवढ्या खर्चात त्याच जातीची बरी बोट मिळते. जुन्या बोटींच्या बाजारात फुकट बोट हीच सगळ्यात महाग पडते.

फायबरग्लासमधली काच आणि तिला बांधणारं रेझिन यांना वयानं फारसं काही होत नाही. कुजतं ते त्यांच्या आत कोंडलेलं लाकूड. डेक म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि मधे बाल्साचा किंवा प्लायवुडचा गाभा. ट्रान्सम आतून जाड प्लायवुडची. तळाला ताठ ठेवणारे लांब स्ट्रिंगरही बहुधा लाकडावर फायबर चढवून केलेले. कारखान्यातून निघताना हे सगळं बऱ्यापैकी बंद असतं. मग कोणी रेलिंग बदलतो, कोणी अँटेना लावतो, कोणी खोली मोजायचा सेन्सर ट्रान्समच्या पार तळाशी स्क्रूंनी ठोकतो. भोकाभोवतीचं सीलंट काही वर्षांत कडक होऊन सुटतं आणि पाणी आत उतरायला लागतं. वरून काही दिसत नाही, कारण दोन्ही बाजूंचं फायबर शाबूत असतं. म्हणून दुरुस्तीचा क्रम पाण्याच्या वाटेवरून ठरवायचा: आधी वाट शोधा, मग कुजलेलं काढा, मग नवं घाला, आणि ती वाट पुन्हा उघडणार नाही अशी बंद करा. यातली पहिली आणि शेवटची पायरी लोक गाळतात आणि नव्या गाभ्याला जुन्याच भोकातून पाणी पाजतात.

तपासायला महागडं काही लागत नाही. प्लास्टिकच्या तोंडाची छोटी हातोडी घ्या आणि सगळं डेक, केबिनचं छत, ट्रान्सम वीत-वीत अंतरावर ठोकत जा. घट्ट जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटला असेल तिथे टिचलेल्या मडक्यासारखा बद्द. पेन्सिलीनं सीमा आखा. दबणाऱ्या जागेपेक्षा आखलेली जागा मोठी निघेल, तयारी ठेवा. ओलावा मोजायचं यंत्र उपयोगी आहे, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. डेकखाली धातूची पट्टी, पाण्याची टाकी किंवा नुसता दमट पृष्ठभाग असला तरी ते ओरडतं. खरा पुरावा ड्रिलचा. आतल्या बाजूनं, टोकाला खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळून, ६ मिलिमीटरचं भोक फक्त गाभ्यापर्यंत पाडा आणि भुसा हातात घ्या. फिका आणि कोरडा असेल तर उत्तम. काळपट, ओला, आंबूस वासाचा असेल तर तिथला गाभा गेला. ही भोकं नंतर इपॉक्सीनं (हार्डनर मिसळल्यावर पक्कं होणारं रेझिन) भरायची आहेत, आणि विकणाऱ्याची परवानगी आधी घ्यायची आहे. परवानगी द्यायला तो का कू करत असेल तर तेही लक्षात घ्या.

ट्रान्समसाठी आणखी एक चाचणी. स्टर्नड्राइव्हच्या टोकावर हळूहळू अंगाचं वजन टाका आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगा. भिंत किंचितही आत-बाहेर झाली, किंवा ड्राइव्हच्या कोपऱ्यांशी जेलकोटच्या (फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर) भेगा उघडमीट करायला लागल्या, तर आतलं प्लायवुड संपलेलं आहे. तळाजवळचा एखादा स्क्रू काढून बघा. मागोमाग तपकिरी पाण्याचे थेंब आले तर पुढे ठोकत बसायचीही गरज नाही. ट्रान्समचं काम म्हणजे ड्राइव्ह आणि इंजिन दोन्ही बाहेर, भिंतीचा एक थर कापून काढणं, आतलं लाकूड खरवडणं, नवं मरीन प्लायवुड इपॉक्सीत बसवणं आणि वर पुन्हा थर चढवणं. अवघड नाही, पण लांबतं. शिवाय ड्राइव्ह बसते तिथली जाडी आणि दोन्ही बाजूंची समांतरता निर्मात्यानं दिलेल्या मर्यादेत आली नाही तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

स्ट्रिंगरमध्ये दोन जागा बघा. एक, इंजिनच्या पायांचे बोल्ट. पाना लावल्यावर नुसतेच फिरत असतील तर लाकडात पकड उरलेली नाही. दोन, पाणी पुढून मागे वाहावं म्हणून स्ट्रिंगरमध्ये पाडलेली भोकं. पुष्कळ कारखान्यांनी ती कापून तशीच सोडली, कडेचं लाकूड उघडंच, आणि कूज नेमकी तिथून सुरू होते. मात्र घाबरण्याआधी वरच्या फायबरची जाडी तपासा. काही बोटींत लाकूड फक्त साचा म्हणून घातलेलं असतं आणि भार घेतो तो भोवतीचा जाड फायबरचा खोका. तिथे लाकूड मऊ झालं तरी बोट मोडत नाही, फक्त बोल्टांच्या जागी भरीव काम करावं लागतं. फायबर पातळ असेल तर लाकूडच भार घेत होतं, आणि ते बदलायलाच हवं.

बदलताना सगळे स्ट्रिंगर एकदम काढायचा मोह होतो. तो आवरा. जमिनीवर उभ्या बोटीचं वजन कण्यावर असायला हवं, बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळायला. आधार कमी आणि आतून स्ट्रिंगर काढलेले अशा अवस्थेत तळ स्वतःच्या वजनानं वाकतो. त्या आकारात तुम्ही नवे स्ट्रिंगर बसवले की बाक कायमचा, आणि मग वेगात बोट नाक खाली घालून पळते. म्हणून एका वेळी एकच काढा, तळाला लांब पट्टी लावून आधी आणि नंतर सरळपणा बघा. नवा स्ट्रिंगर तळावर थेट टेकवू नका. खाली फोमची पातळ पट्टी किंवा दाट इपॉक्सीची गादी द्या, कडेला गोलाई द्या आणि मग कापड चढवा. धारदार टोकावर टेकलेला तळ त्याच रेषेत तडकतो.

केबिनच्या फरशीखाली फोम भरलेला असेल तर तोही उकरून बघा. बंद पेशींचा म्हणवणारा फोमसुद्धा वर्षानुवर्षं पाण्यात बसला की पाणी पितो. एक घनफूट फोम पूर्ण भिजला तर सुमारे २८ किलो वजन वाढतं. बोट मागच्या बाजूनं नेहमीपेक्षा खोल बसते आहे, तळाच्या रंगाच्या रेषेच्या वर शेवाळाचा पट्टा आहे, असं दिसलं तर हे पाणी कुठेतरी आहे असं समजा.

आता टाकी. त्या काळातल्या पुष्कळ बोटींत अ‍ॅल्युमिनियमची टाकी कॉकपिटच्या (बोटीतली उघडी बसायची जागा) फरशीखाली फोममध्ये गाडलेली असते. ओला फोम आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की धातूला बारीक खड्डे पडून तो आरपार जातो, बहुधा तळाशी, जिथे बघता येत नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर त्याला 'जुन्या बोटींना येतोच' म्हणून सोडू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साठते आणि एका ठिणगीची वाट बघते. टाकीची दाबचाचणी माहीतगाराकडून करून घ्या. बोट घेतलीच तर इंधनाच्या सगळ्या नळ्या काही न बघता बदला. जुन्या रबरी नळ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेल्याच नव्हत्या.

'इंजिन चालू होतं' या वाक्याला किंमत शून्य. तुम्ही पोचाल तेव्हा ते थंड हवं, हात लावून खात्री करा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन काहीतरी लपवतं. तेलाची काडी काढा, तेल दुधाळ असेल तर पाणी आत गेलेलं आहे. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा ते एकमेकांशी जुळतात का हे बघा, १० टक्क्यांहून फार फरक नको. समुद्राच्या पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि वरचे रायझर, म्हणजे धूर बाहेर नेणारे भाग, आतून गंजतात, आणि एक दिवस तेच पाणी सिलिंडरमध्ये टपकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. खाऱ्या पाण्यातले हे भाग काही वर्षांनी बदलायचेच असतात. कधी बदलले याची पावती नसेल तर बदललेले नाहीत असं धरून भाव करा.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. बोटीच्या पेट्रोल इंजिनावरचा स्टार्टर, आल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर ठिणगी बाहेर पडू न देणारे असतात. मोटारीच्या दुकानात हुबेहूब तसाच आणि निम्म्या किमतीचा भाग मिळतो, तो बसतोही, आणि तोच बोट उडवतो. आधीच्या मालकानं हा उद्योग केलाय का ते बघा. कार्ब्युरेटरवर ज्वालारोधक जाळी आहे का, तेही. आणि इंजिन सुरू करण्याआधी किमान ४ मिनिटं बिल्ज ब्लोअर (आतली वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालवायचा, मग बिल्जमध्ये नाक घालून वास घ्यायचा. पंखा आवाज करतोय म्हणजे हवा बाहेर फेकतोय असं नाही. नळी आत निखळून पडलेली असते. बाहेरच्या झडपेवर हात ठेवून हवा लागते का बघा.

समजा इथवर सगळं ठीक निघालं आणि बोट तुमची झाली. आता गळती. पाऊस पडायची वाट बघू नका आणि नळीनं पाण्याचा फवाराही लगेच मारू नका, कारण पाणी एका जागी शिरतं आणि चार हात लांब टपकतं. पानं उडवायचा ब्लोअर केबिनच्या एका झडपेतून आत लावा, बाकी सगळी दारं-झडपा टेपनं बंद करा, आत थोडा दाब तयार होऊ द्या. मग बाहेरून खिडक्यांच्या चौकटी, क्लीट (दोर बांधायचे खुंटे), रेलिंगचे पाय, हल (बोटीचं खालचं अंग) आणि डेक जिथे जुळतात तो रबरी पट्ट्याखालचा सांधा, सगळीकडे ब्रशनं साबणाचं पाणी लावत जा. जिथे बुडबुडे, तिथे वाट. एका दुपारच्या कामात तुम्हाला बोटीचा संपूर्ण आजार कळतो.

डेकवरचा प्रत्येक तुकडा कधी ना कधी काढून पुन्हा बसवायचा आहे, हे मनाशी धरा. पद्धत अशी. स्क्रूचं भोक मोठ्या बिटनं रुंद करा, पण खालचा थर राखा. वाकवलेला खिळा किंवा छोटी अ‍ॅलन की ड्रिलला लावून आत फिरवा, म्हणजे भोकाभोवतीचा गाभा बोटभर खरवडला जाईल. खालून टेप लावा, आधी पातळ इपॉक्सी ओता, ती लाकडात मुरू द्या, मग दाट केलेली इपॉक्सी भरा. घट्ट झाल्यावर मधोमध योग्य मापाचं भोक पाडा आणि वरची कड किंचित उतरती करा, म्हणजे सीलंटचं एक कडं तिथे बसतं. आता पुढे कधी सीलंट सुटलं तरी पाण्याला लाकूड भेटत नाही, फक्त इपॉक्सीची नळी भेटते. क्लीट आणि रेलिंगच्या खाली रुंद आधारपट्टी हवी, नुसते वॉशर नकोत.

सीलंट निवडताना लोक सगळ्यात ताकदवान ट्यूब उचलतात. कायमचा चिकटणारा पॉलियुरेथेन डेकवरच्या साहित्याला वापरू नका. पुढच्या वेळी क्लीटबरोबर जेलकोटही उखडून येईल. क्लीट आणि रेलिंगला ब्युटाइल टेप उत्तम, शिवाय स्वस्त. पॉलिसल्फाइड चांगलं, पण अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या खिडक्यांना ते चालत नाही, प्लास्टिक खातं. सिलिकॉन जिथे लागलं तिथे नंतर रंग, जेलकोट, इपॉक्सी काहीच नीट धरत नाही. रंगाचं काम बाकी असेल तोवर ते बोटीच्या आसपासही नको.

आता तुमचं दबणारं डेक. बाजारात एक सोपा उपाय सांगितला जातो: वरून बारीक भोकं पाडा आणि आत इपॉक्सी टोचा. कोरड्या, नुसत्या सुटलेल्या थरासाठी हे चालतं. कुजलेल्या ओल्या गाभ्यात चालत नाही, कारण पाण्यानं भरलेलं लाकूड इपॉक्सी शोषत नाही. पाय दबायचं काही महिने थांबतं, पाणी आत कोंडून राहतं. उघडावंच लागेल.

वरून उघडा. आतून केलं तर वरची घसरट-रोधक नक्षी वाचते, पण डोक्यावर टपकणारं रेझिन आणि गुरुत्वाकर्षणाविरुद्ध बसवायचा गाभा यांत काम बिघडायची शक्यता फार. गोल करवतीची खोली वरच्या थराइतकीच ठेवा, बहुधा ३-४ मिलिमीटर. कापायची रेषा शक्य तर नक्षी संपून गुळगुळीत पट्टा सुरू होतो तिथे घ्या, म्हणजे सांधा लपवणं सोपं जातं. वरचा थर एका तुकड्यात उचलून जपून ठेवा, तोच परत बसवायचा आहे. खालचा कुजका गाभा पटाशीनं निघतो. कोरडं, फिकं, घट्ट चिकटलेलं लाकूड लागेपर्यंत मागे सरका. इथे चिंधीगिरी केली तर कडेची उरलेली ओल पुढच्या तीन-चार मोसमांत नव्या गाभ्यात येते. प्लायवुडमध्ये ओल तंतूंच्या दिशेनं बरीच लांब पळते. बाल्साचे तुकडे उभ्या तंतूंचे असल्यानं एका तुकड्यात ती आडवी हळू सरकते, पण तुकड्यांमधल्या फटी रेझिननं भरलेल्या नसतील तर त्याच पाटासारख्या वाहतात.

उघडं पडलेलं सगळं पूर्ण वाळू द्या. पंखा, छप्पर, सावकाशी. मग खालचा थर मेण आणि ग्रीज काढणाऱ्या द्रवानं पुसा आणि त्यानंतरच ८० नंबरच्या पेपरनं घासा. आधी घासून मग पुसलं तर मेण ओरखड्यांत घुसतं. नवा गाभा मूळ जाडीचाच घ्या. त्याला आधी पातळ इपॉक्सी पाजा, मग दाट इपॉक्सीच्या थरावर बसवा, प्लास्टिक अंथरून वाळूच्या पिशव्यांनी दाबा. फटींतून इपॉक्सी वर डोकावली पाहिजे; नाही डोकावली तर खाली हवा आहे. त्यावर जुना वरचा थर त्याच पद्धतीनं.

सांध्यात खरी ताकद असते ती उतारात. दोन्ही बाजूंना जाडीच्या १२ पट रुंद उतार घासा: ४ मिलिमीटरच्या थराला सुमारे ५० मिलिमीटर. त्या खोलगट पट्ट्यात तिरक्या विणीचं, ४५ अंशांत शिवलेलं काचकापड थरांमागून थर भरायचं. नुसती फट भरून वर पुटी मारली तर पहिल्या उन्हाळ्यात तिथे रेषा उमटते.

इपॉक्सी की पॉलिस्टर, हा वाद दुरुस्तीत फारसा शिल्लक नाही. पॉलिस्टर स्वस्त आहे आणि नवी बोट साच्यात घडवायला ठीक, कारण थर एकमेकांशी रसायनानं जोडले जातात. जुन्या, पूर्ण पक्क्या झालेल्या फायबरला मात्र ते फक्त ओरखड्यांत धरतं. तिथे इपॉक्सीची पकड कितीतरी चांगली. उलट्या बाजूनं एक अडचण: इपॉक्सीवर पॉलिस्टर किंवा जेलकोट नीट पक्का होत नाही, म्हणून इपॉक्सीवर शेवट रंगानं करायचा असं आधीच ठरवा. कापड घेतानाही बघा. पॉलिस्टरसाठीच्या सुट्या तुकड्यांच्या मॅटमधला चिकटा स्टायरिनमध्ये (पॉलिस्टरमधला द्रव) विरघळतो, इपॉक्सीत नाही, आणि मॅट कडक पुठ्ठ्यासारखी उभी राहते. शिवलेलं कापड घ्या. हार्डनरचं प्रमाण हा दोन्हींतला मूलभूत फरक. पॉलिस्टरमध्ये हवामानानुसार १ ते २ टक्क्यांत कमीजास्त करता येतं. इपॉक्सीत डब्यावर लिहिलेलं प्रमाण म्हणजे प्रमाण. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवला तर ती कधीच पक्की होणार नाही. घाई असेल तर जलद हार्डनर विकत घ्या. मोठ्या डब्यात एकदम कालवली तर ती स्वतःच्या उष्णतेनं धुमसते, म्हणून उथळ ताटात पसरा. पक्क्या झालेल्या थरावर मेणचट साय आली असेल तर पुढच्या थराआधी साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुवा. ॲसिटोन ती काढत नाही, पसरवते.

अंगाची काळजी: काचेच्या धुळीला बारीक कणांचा मास्क, स्टायरिनच्या वाफेला सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क, हे दोन वेगळे. पॉलिस्टरचा हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, चष्म्याशिवाय झाकण उघडू नका. कच्ची इपॉक्सी कातडीला लागत राहिली तर काहींना कायमची अ‍ॅलर्जी होते, आणि मग हा छंदच संपतो.

तळावर फोड दिसले तर झोप उडवून घेऊ नका. पाणी जेलकोटमधून झिरपून आतल्या विरघळणाऱ्या द्रव्यांशी मिसळतं आणि दाब तयार होतो. फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो. मोजके असतील तर एकेक खरवडा, गोड्या पाण्यानं वारंवार धुवा, वाळवा, दाट इपॉक्सीनं भरा. तळभर असतील तर जेलकोट सोलून महिनोन्महिने वाळवायचं आणि मग सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा इपॉक्सी थर. तळाचा जुना रंग कोरडा घासू नका, ओला घासा आणि चिखल गोळा करा. त्यात तांबं असतंच. कथिलयुक्त रंगांवर आंतरराष्ट्रीय बंदी २००८ साली लागू झाली, तेव्हा तुमच्या बोटीच्या खालच्या थरांत तेही असू शकतात.

पाण्याखालची भोकं (पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) या विषयाला लोक दहा मिनिटं देतात, त्याला आठवडा द्या. ३८ मिलिमीटरचं भोक, पाण्याखाली ६० सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला १०० लिटरहून जास्त पाणी आत. ताशी १९०० लिटर असा शिक्का असलेला बिल्ज पंप मिनिटाला जेमतेम ३२ लिटर फेकतो, तेही पाणी वर चढवायचं नसताना. म्हणून पंप मोठा करण्याआधी या भोकांवरच्या झडपा बघा. घरगुती नळाचे चाकाचे व्हॉल्व्ह दिसले की काढून टाका. पितळ खाऱ्या पाण्यात जस्त गमावतं. खरवडल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबी दिसलं तर ते ठिसूळ झालेलं आहे. कांस्याच्या किंवा मरीन प्लास्टिकच्या झडपा घ्या, प्रत्येक नळीला दोन क्लॅम्प लावा.

स्टर्नड्राइव्हचे रबरी बेलोज (ट्रान्समपाशी सांध्यावरच्या घड्यांच्या नळ्या) याच यादीत येतात. त्यांना भेग पडली तर आधी सांध्याचं बेअरिंग (गिंबल बेअरिंग) सडतं, मग बोट पाणी घेते. वय माहीत नसेल तर बदला, आणि ड्राइव्ह उतरवलीच आहे तर गिंबल बेअरिंग बदलून इंजिनची सरळ रेषाही जुळवून घ्या. बोट उभी ठेवताना ड्राइव्ह खाली सोडा, बेलोज ताणलेले राहू नयेत. बलिदानी (स्वतः गंजून ड्राइव्ह वाचवणारे) अ‍ॅनोड खाऱ्या पाण्यात जस्ताचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे, मचूळ पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचे. त्यांना रंग लावायचा नाही. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ड्राइव्हवर तांब्याचा तळरंग कधीच नाही.

वायरिंगबद्दल थोडक्यात: पॅनेलमागे तीन मालकांचं कलाकौशल्य दिसलं तर दुरुस्ती करू नका, नवं ओढा. कथिलाचा मुलामा असलेली बहुतारी तांब्याची वायर, क्रिंप केलेले टोक, वर उष्णतेनं आवळणारी नळी. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकाप्रमाणे स्टार्टरची वायर सोडून बाकी वायरना साधारणपणे बॅटरीपासून ७ इंचांच्या आत फ्यूज हवा, आणि दिशादिवे, बिल्ज ब्लोअर यांसारख्या महत्त्वाच्या सर्किटमध्ये व्होल्टेजची घट ३ टक्क्यांच्या आत. १२ व्होल्टमध्ये ही घट फक्त ०.३६ व्होल्ट होते, म्हणून लांब पल्ल्याला वायर वाटते त्यापेक्षा जाड लागते. धक्क्यावरून वीज घेत असाल तर ते काम परवानाधारकाकडूनच. चुकीच्या अर्थिंगमुळे बोटीभोवतीच्या पाण्यात, विशेषतः गोड्या पाण्यात, पोहणारा माणूस मरू शकतो.

कुबट वासाचं म्हणाल तर निम्मा वास गळती थांबल्यावर जातो. उरलेला बहुधा छताच्या आणि भिंतीच्या फोम लावलेल्या व्हिनाइलमध्ये असतो. तो फोम वयानं विरून नारिंगी धूळ होतो, सगळा काढून टाका. संडासाच्या नळ्यांचा संशय असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीवर गुंडाळा, थंड झाल्यावर हुंगा. फडक्याला वास आला तर नळी झिरपते आहे, कितीही धुतली तरी उपयोग नाही.

आणि आता रंग. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. नुसता फिका पडला असेल तर ओल्या बारीक पेपरनं घासून, कंपाउंड, पॉलिश आणि मेण एवढ्यावर तो आश्चर्यकारक परत येतो. नुसतं मेण लावून काही होत नाही. कोपऱ्यांतून चांदणीसारख्या भेगा निघाल्या असतील तर आधी तिथे डेक लवचतंय का बघा. ताठ न करता बुजवलेली भेग परत येते. जेलकोट घासून संपला असेल तरच दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग. तो रोलरनं लावून लगेच ब्रशच्या टोकानं सारखा करा. फवारायला जाऊ नका, त्यातल्या आयसोसायनेटसाठी साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारं उपकरण लागतं.

पाण्यात सोडताना क्रेनचे पट्टे लगेच काढू देऊ नका. बोट तरंगत असताना आत उतरा, प्रत्येक झडप, नळी, बेलोजचा आतला भाग टॉर्चनं बघा, हात फिरवा, कोरडा कागद लावून बघा. मग पट्टे सोडा. पहिली रात्र बोटीत कुणीतरी झोपावं, आणि बिल्ज पंपाच्या स्विचला एक काउंटर लावून ठेवा, म्हणजे तो रात्रीत किती वेळा चालू झाला ते सकाळी कळतं.